चॉपी पाणी, फ्रीस्टाइल आणि बोर्ड: वाचकांचे प्रश्न

या वेळचे बरेचसे प्रश्न काईटबोर्डच्या (पतंगाच्या ओढीने पाण्यावर चालणाऱ्या बोर्डाच्या) निवडीबद्दलचे आहेत, आणि वेगवेगळ्या लोकांनी विचारलेले असले तरी अडचण साधारण एकच आहे: पाणी उसळतंय, म्हणजे चॉप आहे, आणि करायचंय फ्रीस्टाइल, म्हणजे उडी मारून हवेतल्या ट्रिक. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबलंय. बाकीच्यांनीही आधी तेच वाचा, पुढची उत्तरं त्यावरच उभी आहेत.

प्रश्न: नमस्कार दादा. माझं वजन ७४ किलो. शिकताना घेतलेला १४२ बाय ४३ सेंटीमीटरचा सपाट बोर्डच अजून वापरतोय. मी जिथे रायडिंग करतो तिथे उघडा समुद्र, वारा बहुतेक वेळा १८ ते २५ नॉट, त्यामुळे पाणी शांत असं कधी नसतंच. हुक्ड-इन पॉप (काईट कमरेच्या हुकात ठेवून बोर्डाच्या जोरावर मारलेली उडी) आता जमायला लागलाय, रेली (हवेत अंग आडवं ताणायची ट्रिक) शिकायचीय, पुढे हँडल पास (हवेत काईटचा बार पाठीमागून एका हातातून दुसऱ्या हातात घेणं) पण. ग्रुपमधले सगळे म्हणतात फुल कार्बन फ्रीस्टाइल बोर्ड घे, जितका कडक तितका पॉप जास्त. पण आत्ताच संध्याकाळी गुडघे दुखतात. काय घेऊ?

आधी सरळ उत्तर, मग कारणं. लांबी १३६ ते १३८, रुंदी ४१ च्या आसपास, रॉकर (बोर्डाचा बाक) मध्यम किंवा त्याहून किंचित जास्त, मधे कडक आणि टोकांकडे नरम असा फ्लेक्स (लवचीकता), आणि फुल कार्बनचा नाद तूर्तास सोडा.

आता ग्रुपवाले चूक सांगतायत असं नाही, पण ते अर्धीच गोष्ट सांगतायत. ते अगदी कडक, पॉपवाले बोर्ड ज्यांच्यासाठी बनतात ते रायडर सराव कुठे करतात बघा ना, पश्चिम सहारातलं डाखलाचं लगून, सिसिलीतलं लो स्टॅग्नोने, ब्राझीलमधलं काउइपे, ही फ्रीस्टाइलवाल्यांची पंढरी, आणि तिन्हीकडे पाणी आरशासारखं सपाट मिळतं. तिथे कडक बोर्डाचा फायदा शंभर टक्के खरा आहे. तुम्ही रेल, म्हणजे बोर्डाची कड, पाण्यात दाबता, काईटच्या दोऱ्यांमध्ये ताण भरत जातो, बोर्ड वाकण्यात काही वाया जात नाही आणि सोडलं की झटक्यात वर. पण हे सगळं कधी, तर पॉपच्या आधीचे दोन-तीन सेकंद रेल पाण्यात न हलता बसलेली असेल तर. चॉपमध्ये काय होतं, कडक बोर्ड प्रत्येक लाटेवर आपटतो, आपटला की रेल क्षणभर पाण्याबाहेर येते, आणि रेल सुटली की दोऱ्यांमधला ताण गेला, मग पॉप येणार कुठून? थोडा नरम बोर्ड तोच धक्का स्वतःच्या अंगात जिरवतो आणि रेल पाण्यातच राहते. म्हणजे तुमच्या पाण्यात मध्यम फ्लेक्सचा बोर्ड फक्त आरामदायक आहे असं नाही, तर पॉपसुद्धा त्याच्यावरच जास्त मिळेल. हे मी अगदी ठामपणे सांगतोय, कारण कडक बोर्ड घेऊन वैतागलेले आणि 'आपल्याला फ्रीस्टाइल जमत नाही' म्हणून सोडून दिलेले लोक बघितले की फार वाईट वाटतं. दोष त्यांचा नसतो.

रॉकरचं बघू, म्हणजे बोर्डाचा लांबीच्या दिशेने असलेला बाक. खरं तर फ्लेक्सच्याही आधी रॉकर बघावा असं माझं मत आहे. कमी रॉकरचा बोर्ड लवकर पाण्यावर येतो, अपविंड (वारा येतो त्या दिशेला) छान जातो, कमी वाऱ्यात चालतो, आणि शिकताना तुम्हाला तसाच दिला गेला ते बरोबरच होतं. पण सपाट बोर्डाचं नाक लाटेत घुसतं, आणि उंचावरून खाली आलात की पूर्ण तळ एकदम पाण्यावर आपटतो. तुमचे गुडघे बहुतेक त्यानेच दुखतात. रॉकर जास्त असला की नाक लाटेच्या वर राहतं आणि लँडिंगला बोर्ड आधी एका भागावर टेकतो मग बाकीचा, त्यामुळे धक्का पसरतो. किंमत काय मोजावी लागते, तर बोर्ड पाणी जास्त ढकलतो, थोडा हळू जातो, अपविंडला पाय जास्त मारावा लागतो आणि काईटमध्ये ताकद थोडी जास्त लागते. १८ ते २५ नॉट वाऱ्यात ती ताकद तुमच्याकडे आहेच, तेव्हा हा सौदा तुमच्या फायद्याचा. एकदम केळ्यासारखा वाकलेला मात्र नको, प्रत्येक ट्रिकनंतर परत अपविंड चढून येण्यात अर्धं सेशन जाईल.

रॉकर दुकानात कसा ओळखायचा? फिन्स (तळाचे छोटे पंख) काढायला सांगा, दोन बोर्ड शेजारी शेजारी सपाट फरशीवर ठेवा आणि खाली वाकून टोकांखालची फट बघा. फरक लगेच दिसतो, पत्रकात शोधायची गरज नाही. मग बोर्ड उलटा करून रेलच्या कडेने एक सरळ पट्टी ठेवा. पट्टी एकाच जागी टेकून डुलत राहिली तर बाक सलग आहे, म्हणजे कंटिन्युअस रॉकर, आणि मधला बराच भाग पट्टीला चिकटून राहिला आणि पुढे एकदम बाक सुरू झाला तर थ्री-स्टेज. थ्री-स्टेजचा पॉप जरा तिखट, एकदम वर फेकणारा. कंटिन्युअसचा पॉप सावकाश चढतो पण चॉपमधून जाताना बोर्ड गुळगुळीत वाटतो. तुमच्यासाठी कंटिन्युअस, रेली शिकताना टायमिंग थोडं चुकलं तरी तो सांभाळून घेतो.

फ्लेक्स हाताने तपासा. एक टोक बुटाच्या पंज्यावर टेकवा, दुसरं एका हातात धरा आणि मोकळ्या तळव्याने मधोमध दाबा. नुसतं किती वाकतोय ते बघू नका, कुठे वाकतोय ते बघा. पायांच्या मधल्या भागात जवळजवळ न हलता स्ट्रॅपच्या पलीकडे टोकांना वाकत असेल तर तो आपल्या कामाचा. सगळीकडे सारखाच वाकला तर रेलवर ताण भरताना तो पायाखाली मऊ पडेल. मग एका टोकाचे दोन कोपरे धरून पिळून बघा, पिळातही थोडी लवचीकता हवी, कारण चॉप कधी दोन्ही कोपऱ्यांना एकदम लागत नाही, एकाच कोपऱ्याला धक्का देते आणि तो धक्का पिळातूनच जिरतो. कार्बन वाईट अजिबात नाही, ग्लास फायबरच्या बोर्डात पायांखाली तिरके कार्बनचे पट्टे घातलेले असतात तो प्रकार चांगला, मजबुती मिळते आणि टोकं मोकळी राहतात. आतला गाभा पाउलोनियाच्या लाकडाचा असला तर उत्तम, हलकं लाकूड आहे आणि त्याचा स्प्रिंगसारखा प्रतिसाद बरीच वर्षं टिकतो.

तळाला डबल कॉन्केव्ह (शेजारी शेजारी दोन उथळ खोलगट भाग) किंवा हलका व्ही आकार असलेला बघा, पाणी मधून दोन्ही बाजूंना फाकतं आणि आपटणं कमी होतं. टोकांना चॅनल (लांबट खाचा) असतील तर लँडिंगनंतर बोर्ड सरळ धरून राहतो. टोकं फार रुंद नकोत. रुंद टोकांनी पॉप आणि लँडिंगचा तोल सुधारतो खरा पण चॉपमध्ये ती प्रत्येक लाटेत अडकतात आणि पाण्याचे फवारे थेट डोळ्यात.

मापाबद्दल एकच सांगतो, लोक लांबीकडे बघतात आणि खरा फरक रुंदीत असतो. ४३ वरून ४१ वर आलात की बोर्ड रेलवर उभा करायला लागणारी मेहनत लगेच कमी वाटेल, लांबीतले २ सेंटीमीटर तेवढे जाणवत नाहीत. जुना बोर्ड विकू नका, कमी वाऱ्याच्या दिवसांना तोच कामाला येईल. आणि गुडघ्यांचं दुखणं विश्रांतीनंतरही राहिलं तर बोर्डाचं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: माझ्याकडे चांगला बोर्ड आहे, वर सांगता तसाच मध्यम, तरी चॉपमध्ये पॉप होतच नाही. शांत पाण्यात होतो. बोर्ड बदलू का?

नको. शांत पाण्यात होतोय म्हणजे बोर्डही ठीक आणि तुमचं तंत्रही ठीक, फक्त जागा निवडण्याचा प्रश्न आहे. चॉपमध्ये तुम्ही बहुधा पाण्याकडे न बघता मनात आकडे मोजून पॉप मारताय, एक दोन तीन आणि उडी, आणि नेमकी तेव्हा बोर्डाखाली लाटेची उतरती बाजू असते. उतरतीवर रेलला धरायला पाणीच नसतं. पुढचे १० ते १५ मीटर सतत वाचत राहा, दोन लाटांच्या मधला गुळगुळीत पट्टा किंवा वर चढणारा छोटा उतार दिसला की तिथे पोचण्याच्या आधी बोर्ड किंचित डाउनविंड सोडा, वेग घ्या, मग टाचा दाबून जोरात अपविंड वळवा आणि चढत्या बाजूवर मागच्या पायाने लाथ मारल्यासारखं सोडा. ती छोटी लाट मग तुमची रँप होते, आणि चॉप आवडायला लागते ती इथूनच.

दोन गोष्टी आणखी. काईट साधारण ४५ अंशांवर ठेवा, त्याहून वर गेली की ती तुम्हाला रेलवरून उचलते आणि ताण भरायच्या आधीच बोर्ड हलका पडतो. आणि चॉपमध्ये पूर्ण वेग नको, सुमारे तीन चतुर्थांश वेगात रेल जास्त नीट बसते. जास्त ताकदीची काईट लावून पॉप वाढवायचा प्रयत्न तर मुळीच नको, विशेषतः अनहुक करायचं (काईट कमरेच्या हुकातून सोडवायची) असेल तेव्हा, तिथे पडण्याचा मार जबर असतो.

पाणी कधी शांत मिळेल याचाही अभ्यास करा, याचा फायदा नव्या बोर्डापेक्षा मोठा आहे. भरती-ओहोटीचा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वाहत असला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, प्रवाह आणि वारा एका दिशेला असले की तेच पाणी बरंच सपाट होतं. ओहोटीला वाळूचे दांडे वर आले की त्यांच्या आडोशाला सुंदर सपाट पट्टे मिळतात, पण खोली बघितल्याशिवाय तिथे ट्रिक करू नका, गुडघाभर पाण्यात डोक्यावर पडणं फार महागात जातं. किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात काठाजवळचं पाणी अगदी सपाट असतं आणि मोह होतो, तिथे जवळ बचावाची बोट नसेल तर पाण्यात उतरूच नका. काईट पडली तर वारा तुम्हाला उघड्या समुद्रात नेणार, तुमचा बोर्ड कितीही चांगला असो.

प्रश्न: फ्रीस्टाइलसाठी बूट घ्यावेत की स्ट्रॅपच ठीक? आमच्याकडे चॉप खूप.

रेली, एस-बेंड आणि फ्रंट टू ब्लाइंड या ट्रिकपर्यंत चांगले पॅड आणि घट्ट स्ट्रॅप पुरतात. अनहुक्ड ट्रिक रोज करायला लागलात आणि हवेत बोर्ड पायातून निसटायला लागला की बुटांचा विचार करा. बुटात पकड जबरदस्त, पाय आणि बोर्ड एकच होतात, टाचेखालचा जाड थर लँडिंगचा मारही खातो. पण उघड्या, उसळत्या पाण्यात बुटांचा वेगळा त्रास आहे जो शांत लगूनवाल्यांना कळत नाही. पडल्यावर बोर्ड पायालाच असतो, लाटा तो ओढत राहतात, आणि आडवंतिडवं लँडिंग झालं की पाय सुटत नाही, मग पीळ गुडघ्यात जातो. खोल पाण्यात परत घालणंही सोपं नाही. तेव्हा बूट पहिल्यांदा घालाल ते सपाट पाण्याच्या दिवशी, किनाऱ्याजवळ, आणि पाण्यात तरंगत असताना काढायचा-घालायचा सराव झाल्यावरच.

पायांमधलं अंतर सगळ्यात रुंद भोकांवर लावू नका. रुंद उभं राहिलं की लँडिंगला तोल छान वाटतो पण गुडघे आत झुकतात, चॉपमध्ये त्यांना दिवसभर तसेच धक्के बसतात. एक भोक आत या, दोन्ही पायांचे पंजे थोडे बाहेरच्या दिशेला फिरवा, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत वाकला पाहिजे. स्ट्रॅप वापरताय म्हणून बोर्ड हरवेल या भीतीने बोर्डाला लीश (बोर्ड अंगाला बांधून ठेवणारी दोरी) बांधू नका, ताणलेली लीश बोर्ड परत डोक्यावर आणून मारते. बॉडी ड्रॅग करून, म्हणजे काईटच्या ओढीने पाण्यातून अंग नेत, बोर्डापर्यंत जायला शिका.

प्रश्न: फिन्स मोठ्या लावू की लहान?

लहान. ३ ते ४ सेंटीमीटर. चॉपमध्ये मोठ्या फिन्सनी धरून राहता येईल असं वाटतं, पण धरायचं काम रेलचं आहे, आणि फ्रीस्टाइलमध्ये बोर्ड बऱ्याचदा थोडा तिरका उतरतो, तेव्हा लहान फिन्स त्याला पाण्यावर घसरू देतात. मोठ्या फिन्स पाण्यात अडकतात आणि पाय मुरगळतो. आपटून आपटून स्क्रू सैल होतात, पाण्यात जाण्याआधी हाताने फिन हलवून बघायची सवय लावून घ्या.

प्रश्न: चॉपचा एवढा त्रास, तर सरळ फॉइल (खाली दांडा आणि पंख लावलेला बोर्ड) घेऊ का? पुढे हँडल पास शिकायचाय.

नुसतं फिरायचं असेल, लांब जायचं असेल तर जरूर घ्या. फॉइलवर बोर्ड पाण्याच्या वर उचलला जातो, खालची चॉप जवळजवळ जाणवत नाही, आणि २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये काईटच्या ज्या शर्यती झाल्या त्या फॉइलवरच झाल्या. पण तुम्हाला पुढे हँडल पास शिकायचाय, आणि पॉप मारून करायच्या अनहुक्ड फ्रीस्टाइलसाठी ट्विन टिपच (दोन्ही टोकं सारखी असलेला नेहमीचा बोर्ड) लागतो. फॉइलवरून पडताना खाली मास्ट (दांडा) आणि पंख असतात, पाणीही खोल लागतं. दोन्ही वेगळे छंद आहेत, एकाच्या जागी दुसरा नाही बसत.

प्रश्न: माझं वजन ५२ किलो. सगळे म्हणतात मोठा बोर्ड सोपा, म्हणून मैत्रिणीच्या भावाचा १३८ बाय ४२ वापरते. चॉपमध्ये टाच पार भरून येते आणि बोर्ड रेलवर उभाच राहत नाही. ताकद वाढवू की दुसरा बोर्ड बघू? सेकंडहँड मिळतोय एक, १३२ बाय ३९.

ताकदीचा प्रश्नच नाही हो, बोर्ड तुमच्या मापाचा नाही. पाऊल लहान आणि बोर्ड ४२ रुंद, म्हणजे तुमची टाच रेलपासून बरीच आत राहते, आणि रेल दाबायला घोट्याला आणि पोटरीला सतत ओढ बसते. त्यात वारा वाढला की तो रुंद तळ प्रत्येक लाटेला आपटून वर येतो आणि ५२ किलो वजन त्याला खाली दाबून धरू शकत नाही. शिवाय फ्लेक्सचं गणित वजनावर असतं, जड माणसासाठी बनवलेला मध्यम फ्लेक्सचा बोर्ड तुमच्यासाठी फळीसारखा कडक होतो. हलक्या रायडर्सना, आणि त्यात बऱ्याच मुली असतात, हे कुणी सांगतच नाही, मिळेल तो बोर्ड हातात दिला जातो आणि मग म्हणतात जोर लाव. १३२ बाय ३९ तुमच्यासाठी अगदी योग्य, १३० बाय ३८ मिळाला तरी चालेल. फक्त कमी वाऱ्याच्या दिवशी थोडी मोठी काईट लागेल एवढं धरून चाला.

सेकंडहँड घेताना उन्हात नेऊन बघा, दुकानाच्या किंवा खोलीच्या दिव्यात केसासारख्या तडा दिसत नाहीत. स्ट्रॅप आणि पॅड काढायला लावा, कारण तडा बहुतेक वेळा पॅडखाली, स्क्रूच्या भोकांभोवतीच सुरू होतात. प्रत्येक भोकात स्क्रू पूर्ण आवळून बघा, आतली धातूची बूच स्क्रूबरोबर फिरली तर बोर्ड सोडून द्या. मग बोटाच्या पेरांनी सगळ्या तळावर टकटक करत जा, आवाज सगळीकडे सारखा टणक यायला हवा, मधेच कुठे बद्द, पोकळ आवाज आला तर तिथे थर सुटलेत किंवा पाणी आत गेलंय. रेलवरून अंगठा फिरवा, छोटे टवके भरून घेता येतात, पण लाकूड दिसत असेल आणि त्याचा रंग काळपट झाला असेल तर पाणी आधीच मुरलेलं आहे. शेवटी फ्लेक्सची ती तळव्याची परीक्षा यालाही करा, आणि दाबताना करकर आवाज आला तर कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नका.